जालन्याकडची

२०२० साली आषाढी एकादशी १ जुलैला होती. करोनामुळे त्या वर्षी वारी पायी निघालीच नाही. आळंदीहून माउलींच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका ३० जूनला, दशमीच्या दिवशी, एसटीने पंढरपूरला आल्या. त्याच दिवशी आमच्या मामीच्या फोनमधलं टिकटॉक बंद पडलं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसवल्या म्हणून कुणी रागवेल, पण त्या मी बसवलेल्या नाहीत. मामीनेच त्या संध्याकाळी फोनवर एका दमात सांगितल्या होत्या. "माउलीबी एसटीनं आली, अन् आमचं त्येबी बंद झालं. काय इपरीत वरीस हाय बाबा."

मामीचं गाव मंगळवेढा तालुक्यात. दामाजीपंतांचा आणि चोखोबांचा हा मुलूख, काळ्या जमिनीचा आणि ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला आता भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण ते मिळायच्या आधीही इथल्या भाकरीची चव अख्ख्या सोलापूर जिल्ह्याला ठाऊक होती. कर्नाटकातून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या या बाजूने जातात. मामी लग्न होऊन आली त्या वर्षापासून आषाढात वारकऱ्यांसाठी भाकरी थापायची. पहाटे चूल पेटायची ती दुपारीच विझायची. पाटी भरली की मामा ती डोक्यावर घेऊन रस्त्यावर न्यायचा, तोवर दुसरी भरत आलेली असायची. आपण जन्मभर काय केलं असं कुणी विचारलं असतं, तर मामीने बहुतेक हेच सांगितलं असतं.

बंदीचा हुकूम आदल्या रात्री, सोमवारी, निघाला होता. १५ जूनला गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान गेले. त्यानंतर पंधरवड्यात केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६९अ कलमाखाली ५९ चिनी ॲप बंद केली. यादीत शेअरइट होतं, यूसी ब्राउझर होतं, कागदांचे फोटो काढायचं कॅमस्कॅनर होतं. त्यांच्या नावाने कुणी हळहळल्याचं मी ऐकलेलं नाही. टिकटॉकचं तसं नव्हतं. कंपनी सांगायची त्याप्रमाणे भारतात त्याचे २० कोटी वापरकर्ते होते. चीन सोडलं तर इतके कुठल्याच देशात नव्हते.

मामीची बंदीबद्दल तक्रार नव्हती. "आपली लेकरं गेली तिकडं. मग असल्या खेळाचं काय घिऊन बसायचं?" असं तीच म्हणाली. आणि तरी तिचं काहीतरी गेलं होतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. घरातलं माणूस गेलं तर रडता येतं, बैल गेला तरी शेजारीपाजारी येऊन बसतात. फोनमधलं ॲप गेलं म्हणून, आणि तेही शत्रूच्या देशातलं, कुणाच्या गळ्यात पडून रडणार? त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या किती बायांनी हे दुःख पदराखाली झाकलं असेल, याची नोंद कुठे असणार नाही.

तरुण वाचकांना सांगायची गरज नाही, पण माझ्या वयाच्या आणि त्यावरच्या मंडळींसाठी थोडं सांगतो. फेसबुकवर आपण काही टाकलं की ते आधी आपल्या ओळखीच्यांना दिसतं. टिकटॉकचा कारभार उलटा होता. तुमचा व्हिडिओ ते आधी थोड्याशा अनोळखी लोकांसमोर टाकून बघायचं. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा पाहिला, बदाम दिला, की आणखी लोकांसमोर. असं करत तो कुठल्या कुठे जायचा. इंग्रजी येत नसलं, फोन फुटका असला, घराला गिलावा नसला तरी त्याचं काही अडत नसे. यामागे बाइटडान्स या बीजिंगच्या कंपनीची दयाबुद्धी नव्हती. बघणाऱ्याला पडद्यापुढून उठू द्यायचं नाही, एवढाच हिशेब होता. पण त्या हिशेबातून झालं असं की मंगळवेढा तालुक्यातली सातवी शिकलेली एक बाई, तिला अजिबात न ओळखणाऱ्या माणसांपुढे जाऊन बसली. त्याआधी ती जिथे गेली तिथे कुणाची तरी सून, कुणाची भावजय, कुणाची आई म्हणूनच गेली होती. सोलापूरच्या बाजारातसुद्धा कुणीतरी थांबवून विचारायचं, "तुम्ही अमक्यांच्यातल्या न्हवं?" टिकटॉकवर असं कुणी विचारलं नाही. तिथे ती नुसती भाकरी करणारी बाई होती, आणि भाकरी चांगली करते म्हणून लोक बघत होते.

जिओ आल्यापासून गावात नेट स्वस्त झालं होतंच. धाकट्या मामेभावाने नवा फोन घेतला आणि जुना आईला दिला. त्यात टिकटॉक होतं. त्याने तिच्या नंबरावर खातं काढून दिलं आणि तो आपल्या कामाला लागला. नाव, फोटो, काही भरलं नाही. अशा वेळी ॲप स्वतःच नाव द्यायचं: आधी 'युजर' आणि पुढे आकड्यांची लांबलचक रांग. मामीचं टिकटॉकवरचं नाव शेवटपर्यंत तेच राहिलं.

सुरुवात दादा कोंडक्यांपासून झाली. 'पांडू हवालदार'मधले संवाद मागे वाजत असायचे आणि मामी तोंड हलवायची. आवाज त्यांचा, चेहरा हिचा. डोक्यावरचा पदर जाग्यावर, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आणि त्या चेहऱ्यावर दादांचा तो बेरकी भाव. आम्ही हसून लोळलो. सासूसमोर आयुष्यभर मान वर न केलेल्या या बाईत एक अस्सल विनोदी नटी दडून बसली होती, हे तिच्या घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं. मामा आधी "म्हातारपणी काय ही खुळं" म्हणाला. महिनाभरात तोच रात्री जेवताना विचारू लागला, "आज किती बदाम पडलं?"

मग एकदा कधीतरी तिने कुणाचाही आवाज न घेता, भाकरी करता करता व्हिडिओ काढला. फोन पाट्यावर, मागे वरवंट्याचा टेका. पडद्यावर पीठ उडालेलं. एका मिनिटाची मुदत. त्यात ती सांगते: पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरीला चिरा पडतात, म्हणून त्यात गार पाणी घालायचं नाही, कढत आदण घालायचं. हे बोलताना हात थांबत नाहीत. परातीत पीठ पसरून गोळा ठेवला, पंजा पडत गेला, भाकरी फिरत गेली, कडा पातळ होत आल्या. मग दोन्ही हातांवर उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. उलथून चुलीच्या आराला लावली आणि ती टम्म फुगली. तेवढ्यात मिनिट संपलं. शेवटचं वाक्य अर्धंच राहिलं. "अन् पापुद्रा असा सुटला पायजे, की..." पुढे काही नाही.

या अर्ध्या वाक्याला उत्तर आलं.

टिकटॉकवर ड्युएट नावाची सोय होती. दुसऱ्याचा व्हिडिओ घेऊन त्याच्या शेजारी आपला जोडायचा. पडद्याचे उभे दोन भाग. डावीकडे तुम्ही, उजवीकडे मूळचा माणूस. दोन्ही एकाच वेळी चालतात. पोरं याचा उपयोग एकमेकांची टर उडवायला करत. मामीला जो ड्युएट आला त्यात उजवीकडे ती स्वतः होती, आणि डावीकडे कुणीतरी बाई. वय मामीएवढंच, हातात हिरव्या बांगड्या, मागे पत्र्याचं शेड. ती परातीत नाही, लाकडी काठवटीत थापत होती. दोघींच्या थापा मागेपुढे पडत होत्या, मग हळूहळू एका तालात आल्या. तिने मामीच्या हाताकडे बघून मुद्दाम जुळवल्या असणार. तिची भाकरी मामीच्या आधी फुगली. मामीचं वाक्य जिथे तुटलं तिथे ही बाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "काहून थांबल्या? सांगा की पुढचं. आमच्या जालन्याकडं तर पापुद्र्यात तेल-मीठ-तिखट घालून लेकराला देतेत."

मामीने तो व्हिडिओ मला किती वेळा दाखवला असेल. दर वेळी 'काहून'ला हसायची.

पुढे हा सिलसिलाच सुरू झाला. मामी काही टाकायची, जालन्याकडची उत्तर द्यायची. कधी उलट. मामीने ड्युएट कसा करायचा ते लेकाकडून शिकून घेतलं. शेंगदाण्याची चटणी: हिची उखळात, तिची पाट्यावर. हुरड्याचे दिवस आले तेव्हा मामीने आगटी पेटवली, तर पलीकडून टोमणा आला की आम्हाला पाऊसच नाही, कुठला हुरडा. तेव्हा मामीने ज्या व्हिडिओत कणीस चोळून ओंजळभर हुरडा कॅमेऱ्यापुढे धरला, तो मला अजून लख्ख आठवतो. "घे बाई, तोंडात टाक," एवढंच म्हणाली होती. दोघींनी एकमेकींचं नाव कधी विचारलं नाही. नंबर घेतला नाही. गरजच काय होती? फोन उघडला की समोरची होतीच.

हे सगळं चाललं होतं तेव्हा शहरात टिकटॉकची निंदा जोरात होती. ती सगळीच खोटी नव्हती. रेल्वेच्या टपावर, धरणाच्या भिंतीवर व्हिडिओ काढायच्या नादात पोरं जीव गमावत होती. लहान मुलांना काय दिसतं यावर धाक नव्हता. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने एप्रिल २०१९ मध्ये ॲपचं डाउनलोड थांबवायला सांगितलं होतं, तीन आठवड्यांत ती बंदी उठली. पण पुण्याच्या कट्ट्यांवर जी नाकं मुरडली जात, त्यात न्यायालयाची काळजी नसायची. ती नाकं पत्र्याच्या घरांना, भडक शर्टांना, हेल काढून मराठी बोलण्याला मुरडलेली असायची. मे २०२० मध्ये यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले यांच्यात जुंपली, एका यूट्यूबरचा टिकटॉकवाल्यांची खिल्ली उडवणारा व्हिडिओ करोडोंनी पाहिला, आणि तो काढून टाकल्यावर त्याच्या चाहत्यांनी प्ले स्टोअरवर टिकटॉकला एकेक तारा देऊन त्याचं मानांकन दोनाच्याही खाली आणलं. या लढाईत मामीची बाजू कोणती होती हे तिला माहीतच नव्हतं. ती आणि जालन्याकडची त्या महिन्यात आंब्याच्या लोणच्यात मोहरी किती, यावरून भांडत होत्या.

टाळेबंदीत गाव कुलूपबंद होतं. बाजार नाही, लग्नं नाहीत, माहेरी जाणं नाही. त्या तीन महिन्यांत या दोघी रोज भेटत होत्या म्हटलं तर खोटं नाही. वारी होणार नाही हे नक्की झालं. तेव्हा दोघींनी ठरवलं की दिंडी येवो न येवो, दशमीला भाकरी करायची. मामीने आपल्या परातीत, तिने आपल्या काठवटीत. मामीने ३० जूनला सकाळीच व्हिडिओ काढून टाकला. दुपारी उत्तर बघायला फोन उघडला तर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. धाकटा घरी आल्यावर त्याने बघितलं. इंग्रजीत सूचना आली होती: सरकारी आदेशाचं पालन करत आहोत, भारतातल्या वापरकर्त्यांची गोपनीयता आणि सुरक्षा आमच्यासाठी महत्त्वाची आहे, असं काहीसं. त्याने ती आईला मराठीतून वाचून दाखवली. मामीने विचारलं, "म्हंजी तिला माजा दिसला का न्हाय?"

पुढच्या काही दिवसांत ॲपांचा पाऊस पडला. चिंगारी, मित्रों, रोपोसो, मोज, जोश, टकाटक. आत्मनिर्भर भारताच्या नावाने काही जुन्या दुकानांत गर्दी झाली, काही रातोरात उघडली. त्यातल्या टकाटकला पुढे दीड-दोन वर्षांत मोजने पोटात घेतलं. इन्स्टाग्रामने ८ जुलैलाच भारतात रील्स आणलं. यूट्यूबने शॉर्ट्सचा जगातला पहिला प्रयोग सप्टेंबरात भारतातच केला. वीस कोटी माणसं ओट्यावरून उठली होती आणि प्रत्येकाला ती आपल्या ओट्यावर हवी होती. पैसा ओतला गेला, स्टार्टअपचे तरुण संस्थापक वाहिन्यांवरून मुलाखती देत होते. ज्या कलाकारांपाशी चांगला फोन होता, ओळखी होत्या, बोलण्याची सफाई होती, त्यातले बरेच निभावले, काही तर मालामाल झाले. त्यांच्याबद्दल मला आकस नाही.

मामेभावाने आईसाठी एकेक करून तीन-चार ॲप घालून पाहिली. ती प्रत्येकात आधी एकच काम करायची: भाकरीचे व्हिडिओ शोधायची. काठवट दिसली की थांबायची. मग चेहरा बघून पुढे सरकायची. जालन्याकडची सापडली नाही. तिच्याकडेही बहुधा आकड्यांचंच नाव असेल. किंवा ती दुसऱ्याच कुठल्या ॲपवर मामीला शोधत बसली असेल.

रील्सवर मामीने भाकरीचा व्हिडिओ टाकला. तिथे फोनमधले नंबर बघून इन्स्टाग्रामने सगळी भाऊबंदकी आणून उभी केली. पुतणे, जावा, नणंदेची सून. पहिला अभिप्राय चुलत दिराचा: "वहिनी, या वयात हे शोभतं का? चार लोकं बघत्यात." त्या चार लोकांतला तो एक, बाकीचे तीनही त्याच्याच घरातले. टिकटॉकवर हजारोंनी बघितलं तेव्हा मामीचा पदर ढळला नव्हता; इथे चौघांनी बघितलं आणि तिने फोन परत लेकाच्या हातात दिला. मला वाटतं, बंदीत गेलेली खरी चीज हीच. तंत्र सगळ्यांनी उचललं, गाणी उचलली, अंगठ्याने वर ढकलत राहायची सवय तर जगभर पसरली. पण ज्यांच्याशी आपलं नातं नाही, देणंघेणं नाही, ज्यांच्या तोंडून आपली गोष्ट घरी पोचणार नाही, अशा माणसांच्या नजरेत आमच्या खेड्यातल्या बायांना दीड-दोन वर्षं जी ऊब मिळाली, ती परत कुठल्या स्टार्टअपला विकता आली नाही. शहरातल्या बाईला ती गर्दीत फुकट मिळते, म्हणून तिची किंमत शहरात कळत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायमची झाल्याची बातमी आली. मामीला ती मी सांगितली नाही, आणि तिनेही विचारलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी मामीला ताप आला. गावात दुसऱ्या लाटेने तोवर घराघरात शिरकाव केला होता. सोलापुरात खाट मिळायला एक रात्र गेली, प्राणवायू मिळायला दुसरी. तिसऱ्या दिवशी ती गेली. मामाला तोंड बघता आलं नाही. दहावं-तेरावं चार माणसांत उरकलं.

पेपरात निधनवार्ता द्यायची म्हणून फोटो शोधला, तेव्हा कळलं की मामीचा फोटोच नाही. म्हणजे होते: आधार कार्डावरचा, थोरल्याच्या लग्नातला घोळक्यातला, बँकेच्या पासबुकावरचा. सगळ्यांत तोंड मिटलेलं, नजर कुठेतरी खाली. छापला तो आधार कार्डावरचा. जी मामी आम्हाला माहीत होती, हात पिठात असताना मान वळवून हसणारी, ती एकाही कागदावर नव्हती. ती सगळीच्या सगळी त्या बंद ॲपात होती.

न्यू जर्सीत माझा मावसभाऊ असतो. तिकडे टिकटॉक चालू होतं. त्याने शोधून बघायचं ठरवलं. भारतातली खाती आत तशीच होती: ऊसतोडीला निघालेली जोडपी, बैलपोळ्याचे नाच, शाळेच्या गणवेशातल्या मुली, सगळे जून २०२० पर्यंत येऊन थांबलेले. त्यानंतर कुणाचंच काही नाही. भाऊ म्हणाला, रात्री एकट्याने बघताना अंगावर काटा आला. पण त्यात मामी शोधायची कशी? नाव हवं, आणि नाव म्हणजे ती आकड्यांची रांग. ती धाकट्याला आठवत नव्हती. मामाला तर ते नाव होतं हेच माहीत नव्हतं. भाकरी, ज्वारी, चूल, सोलापूर, जे सुचेल ते त्याने लिहून पाहिलं. भाकरी करणाऱ्या शेकडो बाया निघाल्या. मामी निघाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतही टिकटॉक काही तास बंद पडलं, तेव्हा त्याने मला रात्री फोन केला आणि म्हणाला, आता इकडूनही गेलं बघ. दुसऱ्याच दिवशी ते सुरू झालं. त्याने पुन्हा शोधलं. पुन्हा नाही.

एक व्हिडिओ मात्र सापडला. आत्याच्या फोनमध्ये, व्हॉट्सॲपवर कधीतरी आलेला. कोपऱ्यात टिकटॉकची खूण इकडून तिकडे उड्या मारते आहे. मामी दिसते आहे, कुंकू, पदर, तो बेरकी भाव. सगळं आहे. फक्त तो 'पांडू हवालदार'वाला आहे. ओठ मामीचे हलतात आणि आवाज दादा कोंडक्यांचा येतो. मामा तो रोज बघतो. आवाज बंद करून बघतो.

तिचा स्वतःचा आवाज भाकरीच्या व्हिडिओंत होता. ते फोनच्या गॅलरीत उरले असतील, या आशेवर आम्ही तो फोन शोधला. टिकटॉकवर टाकलेले व्हिडिओ पुष्कळदा फोनमध्येही साठवले जात. फोन नव्हता. मामी गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी, मोटारसायकलवर भोंगा लावून जुने-फुटके-बंद मोबाइल घेणारा गावात आला होता. मोबाइलच्या बदल्यात तो प्लॅस्टिकचा टब नाहीतर घमेलं देतो. चार्जच होत नसलेला तो फोन सुनेने त्याला दिला, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. घरोघरी हेच झालं. टब निळा आहे. त्यात आता म्हशीचं पाणी असतं.

तेव्हा वाचणाऱ्यांना दोन विनंत्या आहेत. तुमच्या घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा शिवणयंत्राच्या खणात, २०१९-२० च्या सुमाराचा एखादा मेलेला फोन पडला असेल. भोंगावाला यायच्या आधी तो तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॅटरी बदलून दहा मिनिटं जरी चालू झाला तरी गॅलरी दुसरीकडे काढून घेता येते. घरातल्या कुठल्या बाईचा आवाज त्यात असेल, सांगता येत नाही.

दुसरी विनंती जालना, अंबड, भोकरदन, परतूर, मंठा या बाजूच्या वाचकांना. तुमच्याकडे पन्नाशीतली एखादी बाई, काठवटीत भाकरी थापणारी, तेव्हा टिकटॉकवर असेल, तर तिला विचारा की मंगळवेढ्याच्या भाकरीवालीबरोबरचा एखादा व्हिडिओ तिच्याकडे राहिला आहे का. डावीकडे ती स्वतः दिसेल, उजवीकडे पितळी परात. मामी गेल्याचं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही, तेही सांगा. व्हिडिओ असला तर या मासिकाच्या पत्त्यावर कळवा. न्यायला मी स्वतः येईन, आणि मामालाही बरोबर आणीन.